भाग ४१ : रात्री तीन वाजता तुझी किल्ली कोण वापरत होतं?

ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना मधेमधे जे 'अं... म्हणजे... काय ते...' झालं ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. हेडफोन घरी विसरला असाल तर बसमध्ये उभ्या उभ्या वाचा, साधारण बारा-तेरा मिनिटांचा मामला आहे.

आजचा विषय : लांबच्या कम्प्युटरवर सुरक्षित लॉगिन कसं होतं, आणि 'हा माणूस तोच आहे' हे त्या कम्प्युटरला कसं कळतं. ऐकायला कोरडं वाटेल. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, आणि माझ्या पडण्याचा भुर्दंड दुसऱ्याच कुणीतरी भरलाय. सुरुवात तिथूनच करतो.

मेसमध्ये आलेला फोन

२०१९, बीटेकचं शेवटचं सेमिस्टर. आमचा प्रोजेक्ट होता उपग्रहाच्या फोटोंवरून शेतातलं पीक ओळखण्याचा. माझ्या लॅपटॉपवर मॉडेल ट्रेन करायला घेतलं की पंखा असा सुटायचा, की रूममेट विचारायचा, 'गिरणी लावलीस का रे?' शेवटी आमच्या गाइड सरांनी खटपट करून एका संस्थेच्या कम्प्युटिंग सेंटरवर अकाउंट मिळवून दिलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हतीच.

दोन महिने मजेत गेले. मग एक दिवस दुपारी मेसमध्ये जेवत असताना फोन आला. तिकडचे सिस्टीम अॅडमिन सर होते.

"काल रात्री तीन वाजता तू लॉगिन होतास का?"

"नाही सर, झोपलो होतो."

"मग तुझी किल्ली घेऊन आत कोण आलं होतं?"

हातातला घास तसाच राहिला. पुढे काय झालं ते सांगतोच, पण ते नीट कळायचं असेल तर आधी हे लॉगिन प्रकरण उलगडायला हवं.

मोठा कम्प्युटर असतो तरी कसा?

सुपरकम्प्युटर म्हटलं की डोळ्यांपुढे एक अवाढव्य पेटी येते. प्रत्यक्षात ते शेकडो-हजारो सर्व्हरचं गाव असतं, एकमेकांना वेगवान नेटवर्कने जोडलेलं. त्याला क्लस्टर म्हणतात आणि एकेका सर्व्हरला नोड. पुण्याला तर याचा जुना इतिहास आहे. सीडॅकची स्थापना १९८८ ची, आणि त्यांचा परम ८००० आला १९९१ मध्ये. पाषाणला आयआयटीएममध्ये हवामानाच्या अंदाजासाठी 'प्रत्यूष' २०१८ मध्ये सुरू झाला. आयसर पुण्यात 'परम ब्रह्म' आहे.

आता गंमत अशी, की ही यंत्रं वापरणारे बहुतेक लोक त्यांच्या जवळपासही फिरकत नाहीत. कुणी गुवाहाटीत बसलेलं असतं, कुणी नागपुरात. सगळे नेटवरून येतात. येतात ते थेट गावात नाही, वेशीवर. या वेशीला लॉगिन नोड म्हणतात. तिथे उतरायचं, आपलं काम, म्हणजे 'जॉब', रांगेत लावायचं आणि बाहेर पडायचं. स्लर्मसारखं एक सॉफ्टवेअर ही रांग सांभाळतं आणि नंबर आला की जॉब आतल्या नोडवर चालवतं.

म्हणजे सगळी मदार त्या वेशीवर. तिथे प्रत्येक येणाऱ्याला दोन प्रश्न विचारले जातात : तू कोण? आणि तुला काय काय करायची मुभा आहे? पहिल्याला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑथरायझेशन. आपण ओळख आणि परवानगी म्हणू.

पोस्टकार्डावर लिहिलेला पासवर्ड

पूर्वी लांबच्या मशीनवर जायला टेलनेट वापरायचे. टेलनेटची अडचण एवढीच, की तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर तारेवरून उघडंनागडं जायचं. पासवर्डसुद्धा! पोस्टकार्डावर एटीएमचा पिन लिहून पाठवावा तसं. वाटेत कुणीही वाचावं.

आणि लोक वाचायचेच. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड चोरायचा उद्योग केला. तिथे टाटू इलोनेन नावाचा संशोधक होता. त्याने वैतागून स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच वर्षी लोकांना फुकट देऊन टाकला. तो म्हणजे एसएसएच, सिक्युअर शेल. त्याला पोर्ट नंबर मिळाला २२. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३, मधला नंबर मोकळा होता. ज्या दोघांची जागा घ्यायची, त्यांच्याच मधे जाऊन बसला पठ्ठ्या! पुढे १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं आणि आज जगातल्या बहुतेक सर्व्हरवर तेच आहे.

'येस' टाइप करण्याआधी

तुम्ही एसएसएचची कमांड देऊन एंटर मारता तेव्हा सेकंदभरात तीन गोष्टी घडतात.

पहिली : तुमचा लॅपटॉप आणि तो सर्व्हर मिळून एक गुपित तयार करतात. हे दोघं उघड्या रस्त्यावर, सगळ्यांसमोर बोलत असतात, तरी शेवटी दोघांकडे एक समान गुपित असतं आणि ऐकणाऱ्याला ते काढता येत नाही. ही जादू डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली. त्यामागचं गणित हा वेगळ्या भागाचा विषय आहे. इथून पुढचं सगळं बोलणं या गुपिताने एन्क्रिप्ट होतं.

दुसरी : सर्व्हर स्वतःची ओळख पटवतो. हे आपण साफ विसरतो. फक्त आपणच खरे आहोत का हा प्रश्न नसतो. समोरचा तरी खरा आहे का? प्रत्येक सर्व्हरची स्वतःची एक किल्ली असते, होस्ट की. पहिल्यांदा जाताना स्क्रीनवर एक लांबलचक ठसा दिसतो आणि प्रश्न येतो : या मशीनची ओळख पटवता येत नाही, पुढे जायचं का, येस की नो?

खरं सांगा, आजवर कितीदा नीट वाचून 'येस' केलंय? मी तर कधीच नाही केलं. बरोबर पद्धत अशी, की सेंटरने आपल्या वेबसाइटवर किंवा स्वागताच्या मेलमध्ये तो ठसा दिलेला असतो, तो जुळवून पाहायचा. एकदा 'येस' म्हटलं की तुमचा लॅपटॉप तो ठसा लक्षात ठेवतो. पुढे कधी तो बदललेला दिसला तर एसएसएच आरडाओरडा करतं. कधी कारण साधं असतं, सर्व्हर नव्याने बसवलेला असतो. पण कधी मधे कुणीतरी उभं असतं. अशा वेळी गूगल करून ती चेतावणी बंद करायची कमांड शोधू नका. अॅडमिनला फोन करा.

तिसरी : आता तुमची पाळी. तू कोण?

पासवर्डची गोष्ट जुनी आहे

कम्प्युटरवर पासवर्ड आले ते एमआयटीमध्ये, सीटीएसएस नावाच्या सिस्टीमवर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. एकाच मशीनवर अनेकजण काम करायचे, प्रत्येकाला वेळ वाटून दिलेला असायचा. आणि बघा हं, १९६२ मध्ये अॅलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचा वेळ पुरेना, म्हणून त्याने अख्खी पासवर्डची फाइलच प्रिंटरवर छापून घेतली! म्हणजे कम्प्युटर सेंटरमधली पासवर्डचोरी ही पासवर्डइतकीच जुनी आहे, आणि कारणही तेच. कम्प्युटिंगची भूक.

त्यानंतर शहाणपण आलं. सर्व्हरने पासवर्ड साठवायचाच नाही, त्याचा फक्त 'हॅश' साठवायचा. हॅश म्हणजे गव्हाचं पीठ. गव्हाचं पीठ होतं, पिठाचा गहू होत नाही. तुम्ही पासवर्ड दिलात की सर्व्हर त्याचं पीठ करून आधीच्या पिठाशी ताडून पाहतो. त्यात प्रत्येकाच्या पिठात वेगळी चिमूट मिसळतात, तिला म्हणतातच 'सॉल्ट'. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी केलेलं हे काम १९७९ मध्ये छापून आलं, आणि मूळ कल्पना आजही तीच वापरतात.

पण एक भोक राहतंच. एसएसएचमध्ये पासवर्ड वाटेत सुरक्षित असतो, पण पलीकडे पोचल्यावर सर्व्हरला तो जसाच्या तसा दिसतो. त्याशिवाय तो दळणार कसा? समजा चोराने त्या लॉगिन नोडवरचाच प्रोग्रॅम बदलला असेल, तर तुम्ही टाइप करताय आणि तो निवांत लिहून घेतोय. तोच पासवर्ड तुम्ही जीमेललाही ठेवला असेल तर मग बघायलाच नको.

किल्ली : बँकेतला सहीचा नमुना

म्हणून मोठी सेंटर किल्ल्या वापरतात. इंग्रजीत 'की' म्हणतात, पण मराठीत 'की' म्हटलं की वाक्याची वाट लागते, म्हणून मी आपलं किल्लीच म्हणणार.

किल्ल्यांची जोडी असते. एक खासगी, एक सार्वजनिक. दोन्ही तुमच्याच लॅपटॉपवर तयार होतात. सार्वजनिक किल्ली सर्व्हरला द्यायची, खासगी कुणालाही द्यायची नाही. सर्व्हरलासुद्धा नाही.

हे असं समजा. बँकेत खातं उघडताना सहीचा नमुना देतो. नंतर प्रत्येक चेकवर आपण नवी सही करतो आणि बँक ती नमुन्याशी जुळवते. सार्वजनिक किल्ली म्हणजे तो नमुना. खासगी किल्ली म्हणजे तुमचा सही करणारा हात. फरक एवढाच, की कागदावरचा नमुना बघून कुणी सरावाने खोटी सही करू शकतं. इथे नमुना चौकात लावला तरी त्यावरून सही करता येत नाही, गणित आडवं येतं.

लॉगिनच्या वेळी तुमचा लॅपटॉप त्या एका भेटीपुरत्या मजकुरावर खासगी किल्लीने सही करतो. सर्व्हर ती सार्वजनिक किल्लीने तपासतो. भेट बदलली की मजकूर बदलतो, त्यामुळे कालची सही आज चालत नाही. चोराने अख्खं संभाषण टिपून ठेवलं तरी उपयोग शून्य. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हर फितूर झाला तरी त्याच्या हाती तुमची खासगी किल्ली लागत नाही, कारण ती तिकडे गेलेलीच नसते.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, दादा, आम्ही कुठे एसएसएच वापरतो? पण तुमच्या फोनमध्ये हल्ली 'पासकी बनवायची का?' असं विचारतात ना, त्यामागे हीच कल्पना आहे. तुमची खासगी किल्ली वेबसाइटला कधीच दिली जात नाही, आपण बोट टेकवलं की फक्त सही जाते.

मग एवढं भक्कम असताना माझी किल्ली गेली कशी?

माझ्या तीन चुका

पहिली चूक : किल्ली बनवताना प्रोग्रॅम विचारतो, पासफ्रेझ काय ठेवायचा? पासफ्रेझ म्हणजे खासगी किल्लीच्या फाइललाच लावलेलं कुलूप. तो असला तर फाइल चोरीला गेली तरी ती एन्क्रिप्ट केलेली असते. मी काय केलं? दोनदा एंटर मारलं. रिकामा ठेवला. कोण रोज टाइप करणार!

दुसरी चूक : लॅबमधल्या सामाईक पीसीवरूनही काम करता यावं म्हणून खासगी किल्ली पेनड्राइव्हवरून त्या पीसीवर टाकली. तो पीसी म्हणजे धर्मशाळा. लॉगिन 'स्टुडंट', पासवर्डही 'स्टुडंट', आणि दिवसाला वीस पेनड्राइव्ह लागायचे.

तिसरी चूक : कम्प्युटिंग सेंटरच्या लॉगिन नोडवरून आमच्या डिपार्टमेंटच्या सर्व्हरवर परत फाइल पाठवायच्या होत्या, म्हणून तीच खासगी किल्ली लॉगिन नोडवरही कॉपी केली. म्हणजे दोन्हीकडचं दार एकाच किल्लीचं, आणि किल्ली दोन्ही दारांपाशी पायपुसण्याखाली.

ती नेमकी कुठून गेली हे शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगता आलं नाही. सरांचा संशय लॅबच्या पीसीवर होता. पण लॉगमध्ये स्वच्छ दिसत होतं : रात्री तीनच्या सुमारास, अनोळखी पत्त्यावरून, माझ्या किल्लीच्या ठशाने, पहिल्याच फटक्यात लॉगिन. पासवर्डचे अंदाज नाहीत, दार ठोठावणं नाही. आला, माझ्या नावाने जॉब लावले आणि क्रिप्टो मायनिंग सुरू केलं.

एक वर्षाने हेच युरोपात

मे २०२० मध्ये मी नोकरीला लागलो होतो, लॉकडाऊनमध्ये घरून काम चाललं होतं. तेव्हा एक बातमी वाचली आणि अंगावर काटा आला. ११ मेला एडिनबर्गच्या 'आर्चर' या सुपरकम्प्युटरने लॉगिन नोडवर घुसखोरी झाल्याचं सांगून सगळ्यांचा प्रवेश बंद केला. त्याच दिवशी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातले क्लस्टर बंद पडले. मग त्याच आठवड्यात म्युनिकजवळचं लाइबनिट्झ सेंटर, यूलिश, स्वित्झर्लंडचं राष्ट्रीय सेंटर, अशी रांगच लागली. ऐन कोविडमध्ये, जेव्हा याच मशीनवर विषाणूवरचं संशोधन चालवायचं होतं.

युरोपातल्या सेंटरांच्या सुरक्षा पथकाने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : हल्लेखोर चोरलेल्या एसएसएच ओळखींवर एका सेंटरवरून दुसऱ्या सेंटरवर उड्या मारत होते, आणि काही ठिकाणी उद्देश होता मोनेरो नावाच्या क्रिप्टोचं मायनिंग. एन्क्रिप्शन कुणी फोडलं नव्हतं. एसएसएच मोडलं नव्हतं. संशोधकांची अनेक सेंटरवर खाती असतात. एका ठिकाणी खासगी किल्ली ठेवलेली सापडली की पुढच्या दाराचा पत्ताही तिथेच मिळतो.

माझी तिसरी चूक आठवली? तीच, फक्त खंडभर मोठी.

'आर्चर'वाल्यांनी सगळ्यांचे पासवर्ड आणि किल्ल्या बाद केल्या, नव्या बनवायला लावल्या. त्याच्या जागी आलेल्या 'आर्चर २' वर आता पासफ्रेझवाली किल्ली तर लागतेच, शिवाय फोनवरचा कोडही लागतो.

फोनवरचे सहा आकडे

हा कोड आपण सगळे वापरतो, पण तो येतो कुठून? 'येतो' हा शब्दच चुकीचा आहे. एसएमएसचा ओटीपी येतो. ऑथेंटिकेटर अॅपमधला कोड तुमचा फोन स्वतः बनवतो. खात्री करायची असेल तर फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि अॅप उघडा. आकडे बदलत राहतील.

सुरुवातीला जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुपित असतं. ते आता फोनकडेही आहे आणि सर्व्हरकडेही. मग दोघंही घड्याळ बघतात, वेळेचे ३० सेकंदांचे तुकडे पाडतात, चालू तुकड्याचा नंबर आणि ते गुपित एकत्र दळतात (पुन्हा हॅश!) आणि त्यातून सहा आकडे काढतात. गुपित एक, वेळ एक, म्हणजे उत्तर एक. २०११ मध्ये हे प्रमाणित झालं. म्हणूनच फोनचं घड्याळ बरंच पुढे-मागे असलं की कोड चुकतो.

सहा आकडे म्हणजे दहा लाख शक्यता. चार-पाच चुकांनंतर सर्व्हरने दार लावलं तर अंदाजाने जमणं अवघड. माझी किल्ली चोरणाऱ्याला हा कोड मागितला असता तर तो तिथेच अडकला असता, कारण माझा फोन माझ्या उशाशी होता.

पण हेही रामबाण नाही. बनावट पानावर किंवा फोनवरच्या गोडबोल्या माणसाला तुम्ही कोड सांगितलात, तर तो ३० सेकंदांच्या आत खऱ्या ठिकाणी टाकू शकतो. कोड सांगायचा नसतो. कुणालाही.

'माझं अकाउंट वापर ना!'

आता ओळखीकडून परवानगीकडे. आत आल्यावर प्रत्येकाला सगळं करता येत नाही. तुमच्या फोल्डरमध्ये तुम्ही, ग्रुपच्या फोल्डरमध्ये ग्रुप, आणि अमुक इतके तास. खासगी किल्लीची फाइल तर फक्त मालकालाच वाचता यावी लागते. परवानगी सैल असेल तर एसएसएच ती किल्ली वापरायला नकार देतं. 'परमिशन्स आर टू ओपन' ही चिडचिड आणणारी ओळ त्यासाठीच असते.

आणि इथे आपली खास सवय येते. एकाला अकाउंट मिळालं की पाचजण वापरणार. आपण ओटीटीचा पासवर्ड वाटतो तसंच. पण उद्या काही गडबड झाली तर लॉगमध्ये एकच नाव दिसणार, मग विचारायचं कुणाला?

हिशेब का महत्त्वाचा, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण १९८६ चं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली लॅबमध्ये क्लिफर्ड स्टोल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला कम्प्युटर वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक सापडला. एक डॉलरसुद्धा नाही! कुणी दुर्लक्ष केलं असतं. तो मागे लागला, आणि धागा पोचला पश्चिम जर्मनीतल्या हानोव्हरच्या एका हॅकरपर्यंत, जो अमेरिकी लष्करी कम्प्युटर धुंडाळून माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. आमच्या अॅडमिन सरांनीही मला असंच पकडलं. मी कधीच रात्री दोननंतर जॉब लावत नव्हतो, आणि त्या रात्री एकदम लागले.

ताई

आता राहिलेली गोष्ट.

मी सेंटरवर पोचलो तेव्हा माझं अकाउंट बंद होतं. पण तेवढ्याने भागत नव्हतं. आत शिरलेल्याने आणखी काही पेरून ठेवलंय का, हे तपासेपर्यंत विश्वास ठेवायचा कशावर? म्हणून त्यांनी अख्खा क्लस्टर दोन दिवस बंद ठेवला. चालू असलेले सगळे जॉब मारले.

त्यात एका पीएचडी करणाऱ्या ताईचं सिम्युलेशन होतं. नऊ दिवस चाललेलं. शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे गेममधला सेव्ह पॉइंट समजा, चार दिवसांपूर्वीचा. म्हणजे चार दिवसांचं काम पाण्यात, वर दोन दिवस बंद, वर पुन्हा रांग. आणि महिनाअखेर तिला थिसिस द्यायचा होता.

सर मला म्हणाले, "मला सॉरी म्हणू नकोस. वरच्या मजल्यावर जाऊन तिला सांग काय झालं ते."

जिना चढताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. 'ताई, हॅकरने केलं.' 'ताई, लॅबचा पीसीच खराब होता.' तिच्यासमोर उभा राहिलो आणि एवढंच निघालं, "ताई, किल्ली माझी होती. मी पासवर्ड लावला नव्हता."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "चेकपॉइंट मीही रोज ठेवायला हवा होता." आणि खुर्ची ओढून दिली, "बस. आता निदान नीट किल्ली कशी बनवायची ते शिक." तिचं स्वतःचं काम अडकलेलं असताना तिने मला अर्धा तास बसवून शिकवलं. थिसिस तिने दिला, पण मुदत वाढवून घेऊन. ते महिनाभराचं ओझं माझं होतं, उचललं तिने.

एवढे दिवस मला वाटायचं, माझं अकाउंट म्हणजे माझी खासगी बाब. गेलं तर माझं जाईल. सामाईक मशीनवर तसं नसतं. सोसायटीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली तर फक्त आपल्याच घराचा प्रश्न राहत नाही. आज ऑफिसमध्ये नवीन मुलांना सर्व्हरचा अॅक्सेस द्यायचं काम माझ्याकडे आहे, आणि प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगतो. हसतात. पण पासफ्रेझ ठेवतात.

आज रात्री करायची कामं

१. किल्ली बनवताना 'ईडी २५५१९' हा प्रकार निवडा आणि पासफ्रेझ ठेवा. रोज टाइप करायचा कंटाळा असेल तर एसएसएच एजंट वापरा. दिवसाची सुरुवात करताना एकदाच सांगायचा, तो लक्षात ठेवतो.

२. जुन्या किल्लीला पासफ्रेझ नसेल तर तो नंतरही लावता येतो. एसएसएच-कीजेन कमांडला 'पी' हा पर्याय द्या. किल्ली बदलावी लागत नाही. पण ती आधीच इकडेतिकडे फिरली असेल तर सरळ नवी बनवा आणि जुनी सर्व्हरवरून काढा.

३. खासगी किल्ली कुठल्याही सर्व्हरवर, सामाईक पीसीवर, ड्राइव्हवर किंवा गिटहबवर टाकू नका. एका मशीनवरून पुढच्या मशीनवर जायचं असेल तर 'प्रॉक्सीजंप' वापरा. किल्ली लॅपटॉपवरच राहते, मधला नोड फक्त वाट देतो.

४. प्रत्येक लॅपटॉपची किल्ली वेगळी. लॅपटॉप हरवला तर तेवढीच बाद करता येते.

५. ऑथराइज्ड कीज ही फाइल उघडून बघा. त्यात ओळखीची नसलेली किंवा दोन वर्षांपूर्वीच्या इंटर्नची किल्ली असेल तर उडवा.

६. लॉगिन झाल्यावर 'लास्ट लॉगिन' अशी एक ओळ येते, तारीख, वेळ आणि पत्त्यासकट. ती वाचा. मी रोज ती ओळ बघत होतो, एकदाही वाचली नव्हती.

७. काही चुकलंय असं वाटलं तर त्याच मिनिटाला अॅडमिनला कळवा. ओरडा बसेल, बसू द्या. उशीर झाला तर ओरडा दुसऱ्यांनाही भोगावा लागतो.

तर मंडळी, आज एवढंच. पुढच्या भागात २०२४ मधली गोष्ट : एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एका इंजिनिअरच्या किरकिरीतून जगभरच्या सर्व्हरसाठी पेरलेलं चोरदार कसं सापडलं. तोपर्यंत पासफ्रेझ लावा, आणि ज्या मित्राने तुमचं अकाउंट 'जरा दोन दिवसांसाठी' घेतलंय, त्याला हा भाग पाठवा.

भेटूच!